सालाखालची खूण

यवतमाळात कापूस आधी रस्त्यावर दिसतो. शेतं शहराबाहेर राहतात, पण जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्या भरभरून निघाल्या की रस्त्याकडेच्या बाभळींना, विजेच्या तारांना, गतिरोधकाच्या खाचेत पांढरे पुंजके अडकलेले दिसू लागतात. सकाळी स्कूटीवरून लॅबला जाताना एखादा पुंजका चष्म्यावर येऊन बसतो आणि मला कळतं, वेचणी रंगात आली. हाताला गारठा, हवेत सरकीचा तो किंचित तेलकट, उबदार वास. या दिवसांत माझं मन हमखास मारेगावकडच्या आमच्या शेतात जातं, आणि तिथे गेलं की कुसुमआत्यापाशी जाऊन थांबतं.

परवा आमच्या लॅबमधल्या एका मुलीनं मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. तुमच्याकडे बिघडलेलं नाणं आहे का, लाखो रुपये मिळवा, त्याआधी नोंदणीसाठी थोडे पैसे भरा. तिच्या आईकडे तसलं एक नाणं होतं आणि दोघी मायलेकी भरायला तयार झाल्या होत्या. मी तिला म्हटलं, आधी मोबाइल बाजूला ठेव. मग स्लाइड बघता बघता तिला आत्याची एक वेचणी सांगत बसले. सांगून झालं तरी ते दिवस डोक्यातून जाईनात.

कुसुमआत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. यवतमाळला आयटीआय केलं, परीक्षा दिली आणि दूरच्या एका शहरात टांकसाळीत लागली. आमच्या गावाला ही नोकरी नीट समजलीच नाही. सरकारी नोकरी म्हणजे तलाठी, मास्तर, फार तर पोलीस. नाणी कुठेतरी पाडली जातात आणि ती पाडताना समोर कोणी बाई बसलेली असते, हे कोणाच्या मनात कधी आलं नव्हतं. ती सुट्टीवर आली की ओट्यावर बाया जमायच्या आणि विचारायच्या, येताना एखादी मूठ तरी आणायची होती. आत्या हसून पदर झटकून दाखवायची.

तिचं काम तपासणीचं. ठप्पा बसलेली नाणी पट्ट्यावरून सरकत तिच्यासमोरून जायची. खळ्यात तूर ओतावी तसा आवाज दिवसभर कानात, असं ती सांगायची. कोणाची कड तुटलेली, कोणाचं चित्र एका बाजूला घसरलेलं, कोणावर ठप्पा दोनदा बसलेला, एखादं एका बाजूनं साफ कोरं. तेवढं उचलून बाजूला टाकायचं. मी विचारायची की इतक्या नाण्यांत तुला ते दिसतं कसं? ती म्हणायची, एकेक नाणं बघत बसलं तर काहीच दिसत नाही. डोळ्यांना चांगल्याची सवय लावायची, मग वाईट असेल ते आपणहून समोर येतं. आज मायक्रोस्कोपवर डोळा लावते तेव्हा मी हेच करते. कॉलेजात जे शिकले त्याहून हे एक वाक्य जास्त कामाला आलं, असं मी माझ्या सरांनाही सांगितलं आहे.

बाजूला काढलेल्या नाण्यांचं पुढे काय होतं, याचं मला लहानपणी फार कुतूहल. ती कुलूपबंद पेटीत जातात. पेटीचं वजन होतं. मग दातेरी रुळांमधून ती नाणी चेपून काढतात आणि पलीकडून पन्हाळी पत्र्यासारख्या वळ्या पडलेल्या चकत्या बाहेर येतात. त्यांचं पुन्हा वजन होतं, आधीच्या वजनाशी जुळवतात, आणि नंतर तो धातू वितळवण्यासाठी जातो. एकदा चेपलं की ते नाणं राहत नाही, नुसता धातू होतो. आत जाताना अंगावरचे स्वतःचे सुटे पैसे बाहेर ठेवावे लागतात आणि निघताना रोज झडती. पैशांच्या कारखान्यात आत्या दिवसभर बिनपैशाची असायची, आणि हे सांगताना तिची मान थोडी ताठ व्हायची.

ज्या वेचणीची मी गोष्ट सांगते आहे, त्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं होतं. मी यवतमाळला लॅबचा कोर्स करत होते, तो सोडून गावी आले. आत्यानं लांबची रजा काढली. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, चांगली फुटली होती आणि घरातली कर्ती बाई खाटेवर होती, त्यामुळे शेताचं सगळं आत्यानं अंगावर घेतलं. सीतादहीच्या दिवशी, म्हणजे वेचणीच्या मुहूर्ताच्या पूजेला, तिनंच पऱ्हाटीपाशी दहीभाताचा नैवेद्य ठेवला, कापसाच्या वाती वळल्या, आणि मग बायांसोबत कमरेला झोळी बांधून सरीत उतरली. दव उडेपर्यंत थांबायचं, कारण ओला कापूस वेचला तर गंजीत पिवळा पडतो. ऊन तोंडावर आलं की सुरुवात. सुकलेल्या बोंडांची टोकं बोटांना ओरबाडत. नोकरीवाली बाई एका दिवसात बसेल असं बायांना वाटलं होतं. संध्याकाळी काट्यावर तिची झोळी चढली तेव्हा त्यांनी आपसात बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिला सरी वाटून द्यायला लागल्या.

या बायांची पुढारी होती शांताबाई. शेजारच्या पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीतली, उंच, कमी बोलणारी. तिचा हात दोन्ही बाजूंनी चालायचा, आणि झोळीत गेलेल्या कापसाला एक पान चिकटलेलं नसायचं. दुपारी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, मोहाच्या झाडाखाली भाकरी सोडल्या की ती आत्याच्या शेजारी बसायची. दोघींना एकमेकींचं काम समजत असावं. दोघी चांगल्यातून वाईट वेगळं करणाऱ्या.

त्याच दिवसांत पांढरकवड्याचे दिनकरभाऊ आईला बघायला आले. आईच्या नात्यातले, हायवेवर ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान, आणि जोडीला जुन्या नाण्यांची खरेदी-विक्री. चहा झाला, आईची चौकशी झाली, मग ते आत्याकडे वळले. नागपूरचे, पुण्याचे शौकीन लोक बिघडलेल्या नाण्यासाठी केवढे पैसे मोजतात, हे त्यांनी रंगवून सांगितलं. चित्र जितकं घसरलेलं, तितका भाव. आत्या ऐकत होती. शेवटी ते मुद्द्यावर आले.

"भट्टीतच जानार आहेत न ते? त्याच्यापेक्षा दोन-चार माणसाच्या हाती आले, तं कोनाचं काय बिघडते?"

"मंग मी तिथं कायच्यासाठी बसते?" आत्या म्हणाली.

तिनं आवाज चढवला नाही. दिनकरभाऊंनी हसण्यावारी नेलं, पण जाताना चपला घालताना त्यांचं हसू उतरलेलं मला दिसलं. मला तेव्हा आत्याचं उत्तर थोडं कोरडं वाटलं होतं. पुढे कळलं, एवढ्या साध्या प्रश्नाला दुसरं उत्तरच नसतं.

काही दिवसांनी मोहाच्या झाडाखाली शांताबाईनं कमरेची गाठ सोडली आणि एक दहाचं नाणं आत्याच्या हातावर ठेवलं. मारेगावच्या बाजारात लसूण घेताना सुट्ट्यात आलेलं. चहावाल्यानं नकली म्हणून परत केलं, किराणावाल्यानं तर हातही लावला नाही. आमच्याकडे दहाचं नाणं चांगलं असलं तरी दुकानदार नाक मुरडतात, आणि हे तर विचित्रच होतं. मधला पांढरा गोल आणि बाहेरचं पिवळं कडं आपापल्या जागी, पण त्यावरचा ठप्पा पार एका अंगाला गेलेला. आकडा कड्यावर चढला होता आणि दुसऱ्या बाजूला चंद्रकोरीएवढी जागा कोरी.

आत्यानं नाणं दोन बोटांत कडेनं धरलं. उन्हात फिरवलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. आपल्या घरचं माणूस अनोळखी गावात अचानक भेटावं तसं काहीतरी. "नकली नाही हे," ती म्हणाली. "खरं आहे. चुकलेलं आहे." मग तिनं शांताबाईला समजावून सांगितलं की हे खर्चू नकोस, घासू नकोस, चिंचेनं तर मुळीच धुऊ नकोस, कापसात गुंडाळून ठेव. बँकेच्या पिशवीतून बाहेर पडलं, बाजारात आलं, तुझ्या हाती लागलं, म्हणजे ते तुझं. टांकसाळ ते परत मागायला येत नाही. नागपूरला नाण्यांचं प्रदर्शन भरतं, तिथे खरा भाव कळेल.

गोष्ट पोडावर गेली, पोडावरून गावात, गावातून पांढरकवड्याला. दिनकरभाऊ मोटरसायकलवरून थेट शेतात आले. शांताबाईला त्यांनी दिवसाच्या मजुरीएवढे पैसे देऊ केले. ती आत्याकडे बघत राहिली. आत्या म्हणाली, घाई नाही, आधी नागपूरला दाखवू. दिनकरभाऊ काही न बोलता निघाले, आणि गावातल्या चहाच्या हॉटेलात थांबून बोलले. टांकसाळवाली घरी आली काय आणि तिच्याच शेतात चुकलेलं नाणं निघालं काय, ज्यानं त्यानं समजून घ्यावं. एवढंच बोलून ते परत गेले.

एवढंच पुरलं. संध्याकाळी कापूस मोजायच्या वेळी बाया नेहमीसारख्या बोलेनात. ओट्यावर कोणी आलं नाही. बाबा गावातून परतले ते पाय न धुताच बसले. जेवताना त्यांनी आत्याला विचारलं. सरळ विचारवत नव्हतं त्यांना, म्हणून ताटाकडे बघत विचारलं, हे नाणं तू तर आणलं नाही न? आत्यानं नाही म्हटलं. नंतर ती बराच वेळ भाकरीचा एकच तुकडा धरून होती. ही कुजबुज तिच्या टांकसाळीपर्यंत पोचली असती तर चौकशी लागली असती. झडती देऊन रोज ताठ मानेनं बाहेर पडणाऱ्या बाईची नोकरी एका चहाच्या हॉटेलातल्या वाक्यावर टांगली होती. पण तिला लागलं होतं ते वेगळंच. नोकरीचं नाव तिनं त्या रात्री काढलंच नाही. ती एवढंच म्हणाली, दादानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शांताबाईला बोलावून घेतलं. बाबांचं वाचायचं भिंग माझ्या हाती दिलं आणि आम्ही तिघी हॉटेलात गेलो. गावातल्या बाया त्या हॉटेलात बसत नाहीत. आत्या बाकावर बसली, शांताबाईलाही बसवलं. वीसेक माणसं असतील, शेकोटीजवळची आत आली. बाबा दारात उभे. पोस्टमन म्हणून निवृत्त झालेले महादेवकाका पेपर वाचत होते, त्यांनी तो खाली ठेवला. आत्यानं कापसाची घडी उलगडली आणि नाणं टेबलावर ठेवलं.

तिनं सांगितलं की देशात नाणी पाडणाऱ्या टांकसाळी निरनिराळ्या आहेत. नाणं कुठलं हे ओळखू यावं म्हणून सालाच्या खाली बारीकशी खूण असते. प्रत्येकीची खूण वेगळी, एखादीची काहीच नसते, त्यावरूनही कळतं. हे नाणं कोणत्या टांकसाळीतून आलं, ते तिनंही अजून पाहिलेलं नव्हतं, कारण त्या दिवशी शेतात डोळ्यांना तेवढं बारीक दिसलं नव्हतं. आता सगळ्यांसमोर पाहते, म्हणाली.

मी भिंग धरलं. मनात एकच होतं, दुसरी खूण निघू दे. दुसऱ्या टांकसाळीची खूण निघाली की सगळं मिटलं. दारातल्या बाबांच्या मनातही तेच असणार. आत्या वाकून बघत राहिली. एकदा नाणं फिरवून पुन्हा पाहिलं.

"कुठलं आहे?" महादेवकाकांनी विचारलं.

"आमचंच," आत्या म्हणाली. "आमच्याच टांकसाळीचं आहे. आमच्या नजरेतून सुटलं."

आत्यानं सफाई दिली नाही, शपथ घेतली नाही. शांताबाईनं तेवढं सांगितलं की लसूणवालीनं हे तिच्या हातावर ठेवलं तेव्हा कुसुमबाई शेतातच होती. कोणी मान हलवली, कोणी नाही. महादेवकाकांनी भिंग माझ्या हातातून घेतलं, नाण्यावर धरलं, डोळे बारीक केले आणि परत दिलं.

"मले तं काही दिसत नाही," ते म्हणाले. "इथं कोनालेच दिसलं नसतं. दुसऱ्या टांकसाळीचं आहे म्हनली असती, तं आपण सारे हो म्हनून घरी गेलो असतो."

मग त्यांनी हॉटेलवाल्याला सांगितलं, पहिला चहा कुसुमला दे. एवढंच झालं. पण त्या दिवशी संध्याकाळी कापूस मोजताना बाया पुन्हा बोलायला लागल्या, आणि ओट्यावर बसायला जागा पुरली नाही. दिनकरभाऊंचा नंतर बाबांना फोन आला. आपल्याला तसं म्हणायचं नव्हतं, असं काहीतरी ते सांगत होते. आत्यानं फोन घेतला नाही आणि त्यांच्याविषयी वाईटही बोलली नाही.

पहिला वेचा संपल्यावर आम्ही तिघी नागपूरला गेलो. शांताबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, काचेखाली राजेरजवाड्यांची नाणी, आणि एका कोपऱ्यात फक्त चुकलेली. दोन ठप्प्यांची, कोरी, कड उडालेली. आत्या त्या टेबलापुढे कितीतरी वेळ उभी होती. ज्यांना ती आयुष्यभर पेटीत टाकत आली, ती इथे मखमलीवर ठेवली होती. मला वाटलं तिला वाईट वाटत असेल. मी म्हटलं, चांगल्या नाण्याला दहाच रुपये आणि चुकलेल्याला इतके, हा काय न्याय?

ती म्हणाली, "न्यायच आहे. हे कितीक बाहेर निघते, ते पाह्य न. निघत नाही म्हनून भाव आहे. जेवढा भाव जास्त, तेवढं आमचं काम चांगलं."

हे वाक्य मी नंतर पुष्कळदा मनात उलगडून पाहिलं आहे. नाण्याच्या दुर्मिळपणाचं कौतुक करणाऱ्या कोणालाही त्या दुर्मिळपणामागे बसलेल्या बाया दिसत नसतील. माझ्या आत्याला त्या काचेखाली स्वतःच्या रांगेतल्या सगळ्या मैत्रिणी दिसल्या.

टेबलावरच्या वयस्कर संग्राहकानं नाणं वजन करून पाहिलं, कड पाहिली आणि अस्सल आहे म्हणून सांगितलं. लाखांच्या गोष्टी खोट्या असतात, हेही त्यानंच सांगितलं. तरी जो भाव ठरला त्यात शांताबाईनं पुढच्या बाजारात दोन शेळ्या घेतल्या आणि लेकीला सायकल. नाणं कोणाकडून मिळालं, ते तो नाण्याखाली ठेवायच्या कार्डावर लिहीत असे. त्यानं आत्याचं नाव विचारलं. आत्या म्हणाली, नाणं यांचं आहे. मग त्यानं जाड अक्षरात शांताबाईचं नाव लिहिलं, पोडाचं नाव लिहिलं, तालुका मारेगाव, जिल्हा यवतमाळ. शांताबाईला वाचता येत नव्हतं. तिनं मला ते कार्ड दोनदा वाचायला लावलं, आणि दुसऱ्यांदा ऐकताना तिनं पदर सारखा केला, फोटो काढताना करतात तसा.

आत्याची रजा संपली तेव्हा तुरीच्या शेंगा भरल्या होत्या. पांढरकवड्याहून तिला लांबची गाडी होती. बाबा आणि मी सोडायला गेलो. हायवेवर ट्रक धडधडत होते, ऊन कोवळं होतं, आणि आत्याच्या पिशवीत शांताबाईनं दिलेल्या हिरव्या शेंगा वरपर्यंत भरल्या होत्या. गाडीची वाट बघताना ती सहज म्हणाली, कामावर गेल्यावर पहिल्यांदा साहेबांना सांगीन, आपलं एक सुटलं म्हणून.

बाबा दचकले. "कायले सांगतं? तिथं कोनाले मालूम आहे?"

"मले मालूम आहे न, दादा."

तिनं खरंच सांगितलं. रागवारागवी झाली, यंत्राची तपासणी झाली, आणि मी मोबाइलवर काढलेला त्या नाण्याचा फोटो पुढे नव्या मुलींना शिकवताना दाखवायला वापरला गेला. आता आत्या निवृत्त होऊन यवतमाळातच राहते, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, आणि भाजीवालीकडून सुटे घेताना अजून नाणी उलटून बघते.

पण मला आठवतो तो गाडी गेल्यानंतरचा वेळ. बाबा परत फिरायला तयार नव्हते. हायवेच्या कडेला एका टपरीवर आम्ही चहा घेतला. बाकावर एक ट्रकवाला बसला होता, त्यानं बोलायचं म्हणून विचारलं, कोणाला पोचवायला आलते?

"माही बहीन व्हय," बाबा म्हणाले. कोणी विचारलं नसताना त्यांनी पुढेही सांगितलं, आणि टपरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "टांकसाळीत असते. तिच्या नजरेखालून गेल्याबिगर नाणं भाईर निघत नाही."

ट्रकवाल्यानं मान डोलावली. बाबांनी बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "एक निघालं. तेही तिनंच सांगतलं."